गच्चीवर काय टिकलं: गोलाईतल्या खेळाच्या दुकानाबद्दल

"लेकरं किती? वय काय? गच्ची केवढी हाय? आन् कठडा कमरेएवढा का छातीएवढा?"

मी फक्त उड्या मारायच्या दोन दोऱ्या मागितल्या होत्या. त्या काढायच्या आधी दुकानदार मामांनी हे चार प्रश्न विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरं दिली, कठड्याचं मात्र मला सांगता येईना. "मग दोऱ्या न्या. बाकीचं कठडा मोजून आल्यावर बघू," असं म्हणून त्यांनी दोन दोऱ्यांचेच पैसे घेतले. माझ्या हातात यादी होती, पिशवीत पैसे होते. हजार-दोन हजाराचं सामान त्यांना त्याच दिवशी खपवता आलं असतं. ही गोष्ट जून २०२४ ची. तेव्हापासून दीड वर्षात मी त्या दुकानात वीसेक वेळा तरी गेले असेन, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे कोणती वस्तू कुणासाठी घेतली ते कळेल. लातुरात ट्यूशन एरियाच्या मागच्या अंगाला माझं मुलींचं वसतिगृह आणि खानावळ आहे. अठरा मुली. सगळ्या नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला आलेल्या. काही अकरावी-बारावीच्या, काही रिपीटर. केज, अहमदपूर, उदगीर, मुदखेड, कंधार, परांडा. गावाच्या नावानंच त्यांना हाक मारायची सवय लागली आहे. पहाटे उठून अभ्यास, मग क्लास, दुपारी परत पुस्तक, संध्याकाळी डाउट विचारायला क्लासला, रात्री साडेअकरापर्यंत अभ्यासिका. एकदा मी डब्यांच्या वेळांवरून हिशेब केला, तर उदगीरची पोरगी दिवसातले साडेतेरा तास खुर्चीवर होती. चालणं म्हणजे क्लासपर्यंतचं एक वळण. दिवाळी येईपर्यंत कुणाची मान धरलेली, कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाला रात्री दोनपर्यंत झोप नाही. ताटात भाकरी चिवडत बसायच्या.

मुदखेडच्या मुलीनंच मला फोनवर वाचून दाखवलं होतं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातले तीन दिवस हाडा-स्नायूंना जोर बसेल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाचून दाखवलं आणि परत पुस्तकात मान घातली. "माहीत आहे काकू, पण वेळ कुठंय?"

त्याच्या आदल्या वर्षी मी दोन प्रयत्न केले होते. जवळच्या एका व्यायामशाळेत सहा जणींची तीन महिन्यांची फी भरली. दहाव्या दिवशी एकटी कंधारची जात होती, आणि संध्याकाळी ती एकटी कशी जाईल म्हणून तिलाही मीच थांबवलं. फी गेली. दुसरं म्हणजे ऑनलाइन सामान मागवलं: उड्या मोजणारी आकड्याची दोरी, हातानं दाबायच्या स्प्रिंगा, चार योगामॅट. दोरीच्या मुठीतला आकडा तिसऱ्या आठवड्यात शून्यावर अडकला. स्प्रिंगा टेबलावर पडून राहिल्या. मॅट अभ्यासाच्या बैठकीला गेल्या. एकटीनं करायचं, स्वतःच मोजायचं, स्वतःच ठरवायचं असं जे जे होतं ते सगळं पडून राहिलं. दिवसभर या पोरी एकट्याच स्वतःशी झगडत असतात. संध्याकाळी आणखी एक तसलाच धडा त्यांना नको होता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मामांच्या दुकानात आलं.

दुकान गंजगोलाईत आहे. लातूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. त्यातल्या एका रस्त्यावर, दोरखंड, घुंगरमाळा, बैलांचा साज विकणाऱ्या दुकानांच्या शेजारी हे आहे. दार जेमतेम पाच फुटांचं, आत लांबच लांब बोळ. वर कडीपाटाला लेझमा टांगलेल्या, भिंतीला रिंगा, व्हॉलीबॉलची जाळी, शाळांच्या कवायतीचे डंबेल्स, खाली गोणीत विट्या आणि दांडू. वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या लेझमा एकदम किणकिणतात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मामांनीच नको म्हणून सांगितलं. ते एकटे बसतात. गर्दी झाली की त्यांना प्रत्येकाशी बोलता येत नाही, आणि न बोलता वस्तू द्यायला त्यांना आवडत नाही.

आता वस्तूंबद्दल.

दोरी. मामांनी पहिल्यांदा मलाच दोरीवर उभं केलं. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवायचा आणि दोन्ही मुठी वर ओढायच्या. मुठी काखेपर्यंत आल्या तर माप बरोबर. फार लांब असेल तर दोरी जमिनीवर लोळते आणि पायात येते, आखूड असेल तर पाठ वाकवून उडी मारावी लागते. "सगळ्या पोरींना एकाच मापाची देऊ नका," असं म्हणून त्यांनी मला तीन मापांच्या दोऱ्या आणि गाठ मारून लांबी कमी करायची रीत दाखवली. प्लॅस्टिकची दोरी सिमेंटच्या गच्चीवर घासून दोन महिन्यांत झिजते हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. लाकडी मुठीची सुती दोरी सावकाश फिरते, पण आमची पहिली सुती दोरी अजून चालू आहे. शिकणाऱ्या मुलीला सावकाश फिरणारीच बरी.

आठ दिवसांत उदगीरची नडग्या चोळत बसली. मी घाबरले आणि दोरी परत करायला गेले. मामांनी परत घेतली असती, पण आधी विचारलं, "पायात काय घालती? कशावर उड्या मारती?" अनवाणी, सिमेंटवर. त्यांनी सांगितलं ते असं: बूट घालायचे, टाच टेकवायची नाही, दोरी जाईल एवढीच उडी मारायची, बोट-दोन बोटं, आणि एक दिवसाआड. सिमेंटवर काहीतरी अंथरा म्हणाले. त्यांच्या दुकानात तशी मॅट होती, पण महाग. "गोठ्यात म्हशीखाली टाकतात ती रबरी मॅट आणा, शेतीच्या दुकानात मिळती. तिच्यावर चारशे किलोची म्हैस उभी राहती, तुमची पोरगी कामून घसरंल?" स्वतःच्या दुकानातलं सोडून दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता देणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही. ती मॅट आणली. जड आहे, दोघींना उचलावी लागते, उन्हात वास मारते, पण सरकत नाही. उदगीरच्या नडग्या त्यानंतर दुखल्या नाहीत.

तरीही एकेकटीची दोरी सहा-सात जणींनीच धरली. बाकीच्यांना ओढलं ते लांब दोरीनं. तीसुद्धा मामांची नाही. शेजारच्या दोरखंडवाल्याकडून बैलाचा कासरा आणायला लावला. दोघींनी दोन टोकं धरून फिरवायची, बाकीच्यांनी एकेक करून आत शिरायचं. कासऱ्याला वजन असतं म्हणून तो गोल फिरतो, मध्येच कोलमडत नाही. पहिल्याच संध्याकाळी अकरा जणी वर होत्या. आत कधी शिरायचं यासाठी सगळ्या मिळून ओरडतात, "आता! आता!" अडखळली की तिनं दोरी धरायची. त्यामुळे बाद होऊन कोपऱ्यात उभं राहणं नाही. प्रत्येकीच्या हाताला किंवा पायाला काम. कंधारची कधी खोलीबाहेर बोलायची नाही. ती आता मोजणी करते आणि तिचा आवाज खाली स्वयंपाकघरात मला ऐकू येतो.

रिंग. माझ्या मते या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू ही. रबराची जाड, पोकळ नसलेली रिंग, हातात धरली की वजन जाणवतं. स्वस्तातली पोकळ रिंगही त्यांच्याकडे आहे. ती भिंतीवर आपटून दाखवली आणि म्हणाले, "ही वाकडी होती, मग हवेत डुलती, झेलायला चुकवती. शिकाऊ पोरीला वाटतं आपलंच चुकलं." मी जाड घेतली, ऐंशी रुपयांना एक. चार घेतल्या होत्या, दोन अजून आहेत. दोन गेल्या कारण मी कठड्याचा सल्ला अर्धाच ऐकला.

कठडा मोजला तर तीन फूट. मामा म्हणाले, आधी चारी बाजूंनी हिरवं शेडनेट लावा, सहा फुटांपर्यंत, मग रिंग न्या. मी रस्त्याच्या बाजूनं लावलं, मागच्या बाजूनं नाही लावलं. एक रिंग मागच्या पडक्या वाड्यात गेली, दुसरी कुठं गेली ते कळलंच नाही. आणि एकदा परांड्याची उलटं पळत पळत मागच्या कठड्याला जाऊन धडकली. काही झालं नाही, पण माझ्या काळजाचा ठोका चुकला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उरलेलं शेडनेट बांधून घेतलं, आणि कठड्यापासून चार फुटांवर चुन्याची रेघ मारली. रेघेपलीकडे पाय गेला की गुण गेला. गच्चीवर काही खेळवणार असाल तर ही दोन कामं खेळाच्या आधी करा, वस्तू नंतर आणा.

रिंगचं मोठेपण कशात आहे ते सांगते. जाळी नसली तरी चालतं. आम्ही दोन गजांना जुनी नऊवारी बांधली आहे. नियम दोन मिनिटांत कळतात: एका हातानं झेलायची, अंगाशी दाबून धरायची नाही, झेलली की लगेच टाकायची. हा शेवटचा नियमच सगळ्यांना पळवतो. बॅडमिंटनमध्ये नवशिकी दहा वेळा फूल उचलायला वाकते आणि कंटाळते. वर आमच्याकडे संध्याकाळी वारा सुटला की फूल उडून जातं. रिंगला वाऱ्याचं काही नाही. ज्या मुलीनं जन्मात खेळ खेळला नाही तीसुद्धा पहिल्या दिवशी चार झेल घेते. आणि डोळा! दिवसभर हातभर अंतरावरच्या पुस्तकात खिळलेली नजर दूरवरून फिरत येणाऱ्या वस्तूवर लागते, मान वर होते, खांदा पूर्ण फिरतो. अहमदपूरची मानेला पट्टा लावून यायची. पट्टा डॉक्टरांनीच काढायला सांगितला, त्याचं श्रेय मी रिंगला देत नाही. पण ती मला म्हणाली, "काकू, वर बघायचं विसरलेच होते." ते मी ऐकलंय.

बॅडमिंटनचा सेट मीही घेतला होता, मामांनी नको म्हटलेलं असताना. दोन रॅकेट आणि प्लॅस्टिकची फुलं, पाचशेत. पंधरा दिवसांत एका रॅकेटची तार तुटली. मामांनी तार ओढून दिली, पण सांगितलं की या दर्जाच्या रॅकेटला तार ओढायचे पैसे घालण्यात अर्थ नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

लेझीम. ही मी स्वतःच्या हौसेनं घेतली, सहा नग. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, त्यात चकत्या. मामा प्रत्येक लेझीम कानाशी वाजवून देतात. चकत्या घट्ट बसलेल्या असतील तर आवाज बद्द येतो, मग ती बाजूला ठेवतात. दांड्याला पॉलिश नको, हाताला घाम आला की निसटतो, म्हणून त्यांनी कोरे दांडे दिले. ज्यांना वाटतं लेझीम म्हणजे गणपतीत नाचणं, त्यांनी ती दहा मिनिटं धरून बघावी. चार आवाज, आठ आवाज, मग बैठकीतले हात, मग पवित्रा, असे लेझमीचे प्रकार; दंड, मांड्या, कंबर, सगळ्यांतून घाम निघतो. १९८२ साली दिल्लीत एशियाड भरलं तेव्हा उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम गेली होती, हे मामा दर गिऱ्हाइकाला सांगतात, मलाही तीन वेळा सांगून झालंय. तालाची गंमत अशी की एकीचा हात चुकला की सगळ्यांना ऐकू जातं, आणि सगळ्या एकदम हसून पहिल्यापासून सुरू करतात. मुदखेडची म्हणते, पाठ केलेलं सगळं डोक्यातून निघून जातं आणि खाली आल्यावर परत जागेवर सापडतं.

अडचण आवाजाची. चारी बाजूंना वसतिगृहं, सगळीकडे अभ्यास. पहिल्याच आठवड्यात शेजारचे काका तक्रार घेऊन आले, आणि त्यांचं बरोबर होतं. आता लेझीम फक्त शनिवारी, साडेसहा ते पावणेसात. पंधरा मिनिटं. शेजारच्या वसतिगृहाच्या दोन मुली त्या वेळी आमच्या गच्चीवर येतात.

वेळेबद्दल लातूरचं म्हणून एक सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब संध्याकाळी सातपर्यंत तापलेला असतो, तेव्हा सकाळी सहाचीच वेळ. थंडीत उलटं. आणि खरा प्रश्न उन्हाचा नाही, पाण्याचा आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही. अठरा पोरी घाम गाळून खाली आल्या आणि अठराच्या अठरा अंघोळीला निघाल्या तर टँकर सांगावा लागतो. पहिल्या महिन्यात दोन टँकर जास्तीचे आले तेव्हा खेळ बंद करायचा विचार माझ्या मनात आला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते गाव आहे हे. पाणी सांडताना माझा हात आजही थबकतो. शेवटी तोड अशी काढली: पहाटे अंघोळ न करता खेळायचं, मग अंघोळ, म्हणजे ती एकदाच. संध्याकाळी खेळलं तर अर्धी बादली आणि पंचा, पुरे. ज्यांची संध्याकाळी खेळायची इच्छा असते त्या सकाळची अंघोळ सोडतात. दुसऱ्या गावातल्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल. आमच्याकडे यावरच खेळ चालू राहतो किंवा बंद पडतो.

जेवणाचं मात्र मी वजनानं सांगू शकते. पूर्वी ज्वारीचं तीन किलो पीठ मळलं तरी भाकरी उरायच्या. आता चार किलो लागतं आणि टोपलं रिकामं परत येतं. शेंगदाण्याची चटणी आठवड्याची केलेली चौथ्या दिवशी संपते. माझा खर्च वाढला, मी फी वाढवली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. झोपेचं मुलींना विचारलं तर बऱ्याच जणी म्हणतात पडल्या पडल्या लागते. मार्कांचं मला विचारू नका. पालक तेच पहिलं विचारतात. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, एवढा वेळ ताठ बसता यावं इतकं बळ पाठीत असावं, एवढंच मी त्यांना सांगते. मार्क मुलीचे स्वतःचे.

खो-खोचं वेगळं लिहावं लागेल. एका रविवारी मी मामांकडे खो-खोचे खांब मागितले, गच्चीवर रोवायचा माझा विचार होता. ते देईनात. "ताई, खो-खो गच्चीवर नको. सूर मारला तर ढोपर फुटंल, आन् खो-खोत सूर मारल्याबिगर राहवत नाही." त्यांचं म्हणणं पटलं, कारण मी खेळलेली आहे. मी किल्लारीच्या शिवारातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा तेरा वर्षांची होते. पुढं शाळा पत्र्याच्या शेडात भरली. छताखाली बसायला आम्ही लेकरं भ्यायचो, वर बघत बसायचो. सरांनी शेडासमोर फक्कीनं मैदान आखलं आणि शेवटचे दोन तास आम्हाला खो-खो खेळवलं. मोकळ्या आभाळाखाली, पायाखाली पक्की जमीन; तिथं भीती वाटायची नाही. आठ जणी पाटीवर आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसायच्या, नववी धावायची. पाठीवर हात पडला आणि "खो" ऐकू आला की मागचा-पुढचा विचार न करता उठून सुटायचं. त्या वयात मला त्या खेळानं परत हसायला लावलं, आणि म्हणून पोरी हलल्या पाहिजेत याचा माझा हट्ट आहे.

पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद लागतं. तेवढी जागा आम्हाला एका शाळेच्या पटांगणावर रविवारी सकाळी मिळते. मामांनी खांब विकले नाहीत, पण फक्कीची पिशवी दिली, आखायची दोरी दिली आणि मधली पट्टी, चौक कसे आखायचे ते कागदावर काढून दिलं. तो कागद अजून माझ्या देवघराच्या फळीवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा आम्ही खानावळीत फोन डब्याला टेकवून अंतिम सामना बघितला. १९ तारीख. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. आमच्या केजच्या पोरीला त्या रात्री जमिनीवर पाय ठेवता येईना. मी त्यांना सारिका काळेचं सांगितलं: धाराशिवची, भारताची कर्णधार होती, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढच्या रविवारी चौदा जणी पटांगणावर आल्या. त्याआधी कधी आठच्या वर गेल्या नव्हत्या.

आता दुकानाचं जे आवडलं नाही ते. मुलींच्या कपड्यांचं तिथं काहीच मिळत नाही. मुलांच्या चड्ड्या, बनियन, टी-शर्ट यांची थप्पी लागलेली, पण पळताना मुलींना आत घालायला जे घट्ट, आधार देणारं लागतं ते एकही नाही. ट्रॅकपँटसुद्धा मुलांच्या मापाच्या. कितीतरी मुली उड्या मारायला का कचरतात याचं कारण मला त्यांच्याशी एकेकटीशी बोलल्यावर कळलं, आणि ते कारण आळस नव्हतं. हे मी मामांना सांगितलं. ते संकोचले, मग म्हणाले, "सुनेला बसवतो आठवड्यातनं एक दिवस, ती आणील." सहा महिने झाले, अजून ते झालेलं नाही. मी दर वेळी आठवण करते. तोवर दुसऱ्या दुकानातून, दुप्पट भावानं आणावं लागतं. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे ज्या-त्या मुलीनं ठरवायचं, असा आमच्या गच्चीचा नियम आहे. पण धड कपडे नसतील तर ठरवायला उरतंच काय?

दुसरं, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितली की वेळ लागतो. शाळा-संस्थांसाठी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिसरं, बुटांची मापं अपुरी आहेत. पाच नंबरच्या आतले कॅनव्हासचे बूट दोनदा मागवावे लागले.

भाव गोलाईतल्या इतर दुकानांपेक्षा फारसे कमी नाहीत. सुती दोरी एकशेवीस, रिंग ऐंशी, लेझीम एकशेऐंशी, फक्कीची पिशवी साठ, हे मी दिलेले. घासाघीस करू नका, ते करत नाहीत. मात्र दुरुस्ती करून देतात आणि तिचे पैसे नावाला घेतात: मुठीतला खिळा, रॅकेटची तार, लेझमीची कडी. दीड वर्षात मी तिथं सगळं मिळून पाच हजारांच्या आत खर्च केला असेल. व्यायामशाळेची सहा जणींची फी त्याहून जास्त होती.

दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी एक ते चार बंद असतं. पोळ्याच्या आणि गणपतीच्या आधीचे आठ दिवस त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा जाऊ नका. मामांना थोडं कमी ऐकू येतं, पंखा चालू असेल तर बंद करायला सांगा. आमच्या दोन लेझमा सध्या त्यांच्याकडे कड्या बदलायला आहेत, शुक्रवारी आणायच्या आहेत. शनिवारी साडेसहाला लागतील.